विहीर घडीत बसत नाही

मित्रांनो, मी एक जुना आलेखफळा आहे आणि मी रागावलेला आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा शांत आवाजात बोलतात. छत्री बोलते, शाळेची घंटा बोलते, मोडकी खुर्ची बोलते आणि शेवटी सगळ्यांना माफ करून टाकते. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मला अजून कुणाला माफ करायचं नाही.

माझं गाव आमडीटोला. एका अंगाला सागाचं आणि मोहाचं जंगल, दुसऱ्या अंगाला कोळशाची उघडी खाण. खाण आधी बरीच लांब होती. दरवर्षी ती थोडी थोडी जवळ सरकत गेली आणि आता शाळेच्या ओट्यावरून तिच्या मातीचे ढिगारे दिसतात. दुपारी सुरुंग उडाला की भिंतीला टेकलेली माझी चौकट थरथरते. आमच्याकडे कापूस पांढरा फुटतो आणि वेचेपर्यंत करडा होतो.

जन्माने मी दार होतो. शाळेच्या जुन्या खोलीचं सागवानी दार. खोली पडली तेव्हा मी पावसात भिजत अंगणात पडलो होतो. नीलिमा बाई तेव्हा नुकत्याच गणित शिकवायला आल्या होत्या, जिवतीच्या डोंगरातून. त्यांनी मला पायाने नाही, हाताने उलटवून पाहिलं आणि सोमाजी सुतारांना बोलावलं.

“सोमाजीभाऊ, याचा फळा होईल का?”

“होते ना बाई. पण फळा त हाये भिंतीवर. अजून काऊन पाहिजे?”

“त्या फळ्यावर चौकोन नाहीत. पोरं आलेख काढतात, रेषा वाकडी येते, आणि मग त्यांना वाटतं गणितच वाकडं आहे.”

सोमाजींनी मला रंधा मारला. भेगा बुजवल्या. काळा रंग दोनदा दिला आणि तो वाळल्यावर आपलं सूत काढलं, लाकूड कापण्याआधी खूण करायचा तो दोरा. बाईंनी ते पांढऱ्या रंगात बुडवलं. सोमाजींनी एक टोक धरलं, एका पोरीने दुसरं, आणि बाईंनी मधोमध उचलून टप्पकन सोडलं. एक सरळ पांढरी रेघ माझ्यावर उमटली. असं टप्प टप्प करत दिवसभरात माझ्या अंगावर चौकोनांची जाळी उभी राहिली. शेवटी लाल रंगाचे दोन अक्ष आले. आडवा क्ष, उभा य. पोरी टाळ्या वाजवत होत्या. सोमाजी म्हणाले, “आता वाकडं काढून दाखवा म्हणा कोणी.”

तेव्हा माझी काय किंमत होती सांगू! गणिताचा तास आला की चौघं मिळून मला उचलून वर्गात नेत. कुणी ओल्या फडक्याने पुसे, कुणी कोरड्या. बाई दिसायला बारीक, पण आवाज खणखणीत.

“क्ष एक घर पुढे गेला. य किती चढला?”

“दोन घरं!”

“अजून एक घर पुढे?”

“अजून दोन!”

“प्रत्येक पावलाला सारखाच चढ. असं असेल तर ते नातं रेषीय. बिंदू जोडा, रेषा सरळच येणार. पट्टी नसली तरी सरळ.”

पुढच्या बाकावर करिश्मा नावाची मुलगी बसायची. तिची आई रुखमाबाई जंगलातून मोहफुलं आणि तेंदूपानं आणायची आणि राहिलेल्या वेळात धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, काम करायची. करिश्माला प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नसे. “बाई, कधी दोन घरं चढला आणि कधी तीन, मंग?”

“मग तो सरळ नाही. मग शोधायचं, वाकडा काऊन चालून राह्यला.”

बाई असं मुद्दाम आमच्या बोलीत बोलल्या की वर्ग हसायचा. पण प्रश्न लक्षात राहायचा.

एके दिवशी बाईंनी प्रत्येकाला पळसाचं पान आणायला सांगितलं. एका देठावरची ती तीन पानं तुम्ही पाहिली असतील. बाई म्हणाल्या, मधलं पान शिरेवर दुमडा. पोरांनी दुमडलं, आणि डावी बाजू उजव्या बाजूवर बरोबर बसली. आता बाजूचं एक पान दुमडा. ते बसेना. एक बाजू रुंद, एक अरुंद. पण बाजूची दोन्ही पानं एकमेकांसमोर धरली तर आरशात पाहिल्यासारखी जुळली. “याला सममिती म्हणतात,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी माझ्यावर क्षच्या वर्गाचा आलेख काढला, चुलीवरच्या कढईसारखा खोलगट. उभ्या लाल अक्षाच्या डावीकडे जे, तेच उजवीकडे. “आलेखाची घडी घालून बघायची सवय लावा. घडीत बसतो की नाही, यावरून पुष्कळ कळतं.”

पोरं शिकली. परीक्षेत त्यांचे आलेख नीट येऊ लागले. तालुक्याच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्यावर हात फिरवून “वा!” म्हटलं. मी सुखी होतो, मित्रांनो. मला वाटायचं, आलेख म्हणजे एवढंच. घरं मोजायची, बिंदू लावायचे, जोडायचे, शाबासकी घ्यायची.

मग एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी करिश्मा उभी राहून म्हणाली, “बाई, आमच्या विहिरीले दोर पुरत नाई.”

“किती पुरत नाही?” बाईंनी विचारलं.

पुरत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. किती, हे कुणालाच नाही.

“मोजू या,” बाई म्हणाल्या.

गावची विहीर एकच, पिंपळाजवळची. नळ कागदावर आले होते, गावात नव्हते. हातपंपाचं पाणी तांबडं. दिवाळीच्या अमावस्येपासून दर अमावस्येला वर्ग विहिरीवर जाऊ लागला. बादली पाण्याला टेकली की दोराला काठावर चिमूट धरायची आणि वर काढून मोजायचं, किती हात. हात प्रत्येकाचा वेगळा, म्हणून ठरलं की मोजायचं ते रुखमाबाईंच्याच हाताने, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. त्या हसून म्हणायच्या, “माह्या हाताले सरकारी करून टाकलं तुम्ही.”

आकडा माझ्याकडे यायचा. आडव्या अक्षावर महिने, उभ्या अक्षावर दोराची लांबी. दिवाळीला आठ हात. पुढच्या अमावस्येला नऊ. मग दहा. पोरांना पहिल्यांदा मजा वाटली. बिंदू कसे ओळीत येत होते! फाल्गुनात करिश्माने पट्टी न घेता बिंदू जोडले आणि रेषा सरळ आली. वर्गाने टाळ्या पिटल्या. बाईंनी नाही.

उन्हाळ्यात विहीर उतरतेच, असं सगळे म्हणाले. मग पाऊस आला. धानाची रोवणी झाली, नाले भरले, बेडूक ओरडायला लागले, आणि आमच्या विहिरीचा दोर महिन्याला एक हात लांबतच राहिला. कारण खाणीतले पंप चालू होते. खाण खोल जाते तशी तिच्यात आजूबाजूचं पाणी झिरपतं, ते रात्रंदिवस उपसून नाल्यात सोडतात. आमच्या विहिरीचं पाणी जमिनीखालून तिकडे चाललं होतं, दर महिन्याला सारख्याच पावलांनी.

“बाई, हे रेषीय हाये ना?” करिश्माने विचारलं.

“हो.”

“आपलं उत्तर बरोबर आलं. मंग आपण खूश काऊन नाई?”

बाईंनी तिच्या हातातून खडू घेतला. विहिरीचा तळ एकवीस हातांवर होता, हे विहीर बांधणाऱ्यांपासून सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी तळाची खूण केली आणि रेषा तुटक तुटक पुढे नेली. ती रेषा येत्या दिवाळीच्या पुढच्या अमावस्येला तळाला लागली.

त्या दिवशी मला कळलं की रेषा म्हणजे काय. ती अजून न आलेल्या दिवसांबद्दल बोलते.

आणि हे ऐकून गावातल्या मोठ्या माणसांनी काय केलं? बाईंनी ग्रामपंचायतीत सांगितलं. तिथे म्हणाले, बघू. खाणीच्या कचेरीत सांगितलं. तिथे म्हणाले, पाऊस नीट पडू द्या. दोन कचेऱ्या, दोन खुर्च्या, दोघांनाही आठवी-नववीच्या पोरांनी काढलेली एक सरळ रेषा वाचता येईना! की वाचता येत होती?

श्रावणात बातमी आली की खाणीला गावाच्या बाजूने आणखी वाढायचं आहे आणि त्यासाठी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर जनसुनावणी आहे. गावाने आपलं म्हणणं तिथे मांडायचं. त्याच आठवड्यात खाणीकडून शाळेला भेट आली. मोठा चकचकीत डिजिटल फळा. त्याच आठवड्यात नीलिमा बाईंना चंद्रपूरला प्रशिक्षणाला पाठवलं. योगायोग असेल. मी योगायोगांवर फार विश्वास ठेवणारा फळा नाही.

डिजिटल फळ्याच्या उद्घाटनाला खाणीचे साहेब येणार होते. आदल्या दुपारी मुख्याध्यापक श्रीहरी सर वर्गात आले. त्यांची नजर माझ्यावर पडली.

“हे काय लावून ठेवलं इथी? पुसा.”

कुणी हललं नाही. सरांनी स्वतः फडकं बादलीत बुडवलं.

करिश्मा आडवी आली. “सर, नका पुसू. आकडे दुसरीकडं कुठीच लिहिले नाई. सुनावणीत दाखवाचे हायेत.”

“करिश्मा, बाजूला हो. तुले दहावीत मार्क पाहिजेत का विहीर पाहिजे?”

“विहीर,” ती म्हणाली.

सर क्षणभर थांबले. मला वाटलं, थांबले ते थांबले. पण त्यांच्या पाठीमागे डिजिटल फळ्याचं खोकं उभं होतं आणि दारात सरपंच. त्यांनी फडकं माझ्यावर ठेवलं आणि डावीकडून उजवीकडे ओढलं. दिवाळी गेली. संक्रांत गेली. उन्हाळा गेला. आषाढातला बिंदू पुसताना फडक्यातून पाणी गळून माझ्या पायाशी साचलं.

मित्रांनो, माझे चौकोन रंगाचे, ते पुसले जात नाहीत. बिंदू खडूचे होते. पुसणाऱ्याला ते फार सोपं जातं, आणि याचाच मला राग आहे. मोजायला पोरांना दहा महिने लागले. पुसायला एक हात लागला.

मग मला पोषण आहाराच्या खोलीत नेऊन चुलीशेजारी टेकवलं. माझ्यावर ओली ताटं निथळत ठेवली. वर्गातून उद्घाटनाच्या टाळ्या ऐकू येत होत्या.

त्याच संध्याकाळी करिश्मा आईचा फोन घेऊन त्या खोलीत आली. तिथे तेवढी रेंज मिळते. तिने बाईंना फोन लावला. “बाई, सगळे बिंदू पुसले सरानं.”

फोनमधून बाईंचा आवाज आला. “सरळ रेषेला किती बिंदू लागतात?”

“... दोन.”

“मग दोन शोध. गावातल्या मोठ्यांपैकी कुणाला तरी आठवत असतील, पोरांच्या आठवणीला सुनावणीत कुणी विचारणार नाही. आणि ऐक, दोन बिंदूंतून कुठलीही रेषा जाते, तेवढ्यावर तुला कुणी मानणार नाही. तिसरा बिंदू त्याच रेषेवर बसला, तर मानावं लागेल.”

“तिसरा कुठून आणू?”

“तो विहिरीत आहे.”

करिश्मा पोळ्याच्या दिवशी घरोघर फिरली. लोक बैल सजवत होते आणि ही विचारत होती, कधी दोर कमी पडला होता, आठवते का? कुणी म्हणे शिमग्याला, कुणी म्हणे नाही गं. पण बायकांना आठवत होतं, कारण दोर त्यांच्याच हातात होता. रुखमाबाई म्हणाल्या, “महाशिवरात्रीले मार्कंड्याच्या जत्रेत जाऊन राह्यलो होतो. सकाळी आंघोळीले पाणी काढाले गेली, तं बादली लोंबकळत राह्यली. मी आपलं लुगड्याचा तुकडा जोडून गाठ मारली. मंग मोजलं, बारा हात.” आणि शेजारची धुरपता म्हणाली, “सुनिलच्या लग्नात, अखजीले, नवा दोर आणला होता चौदा हाताचा. आचारी म्हणे, बस टेकते, एक बोटभर जास्त नाई.” सुनिल तिचा मुलगा. लग्नात पाणी कमी पडलं असतं तर गाव अजून बोलत राहिलं असतं, म्हणून तिला तो दोर पक्का आठवत होता.

महाशिवरात्री म्हणजे दिवाळीपासून चौथी अमावस्या, आणि अखजी, म्हणजे अक्षयतृतीया, सहावीच्या लगेच नंतर. करिश्माने चुलीशेजारी बसून ताटं बाजूला केली, तळाची खूण पुन्हा केली आणि माझ्यावर दोन बिंदू लावले. दोन महिन्यांत दोन हात, म्हणजे महिन्याला एक. तिने रेषा मागे नेली, ती दिवाळीच्या आठ हातांना लागली. पुढे नेली, ती पोळ्याच्या अमावस्येला अठरावर आली. रेषा परत उभी राहिली, मित्रांनो. पुसणाऱ्याला वाटलं होतं, बिंदू गेले की रेषा गेली.

सुनावणीच्या दिवशी मैदानावर मंडप होता. समोर टेबल, टेबलामागे जिल्ह्याहून आलेल्या अधिकारी बाई, शेजारी खाणीचे साहेब, आणि त्यांच्या मागे एक मोठा फ्लेक्स. फ्लेक्सवर निळा आलेख. विहिरींची पाणीपातळी, दिवाळी ते दिवाळी. सुंदर खोलगट वक्र, मधोमध सर्वात खाली आणि मग परत वर.

साहेब माईकवर म्हणाले, “पाणी दरवर्षी जेवढं उतरतं तेवढंच चढतं. हे निसर्गाचं चक्र आहे. खाणीचा काही संबंध नाही.”

तेवढ्यात करिश्मा आणि तिच्या मैत्रिणी मला घेऊन मंडपात आल्या. श्रीहरी सर धावत आले. “हे इथी कुठी आणता? न्या मागं!”

रुखमाबाई खुर्चीवरून उठल्या. “काऊन सर? फळा शाळेचा हाये, मैदान शाळेचं हाये. पोरी वर्गातून वर्गात घेऊन चालल्या असं समजा.”

लोक हसले. अधिकारी बाईंनी हात केला. “ठेवा इथे. काय म्हणायचं आहे?”

करिश्माने माझ्याकडे पाहिलंच नाही. तिची नजर त्या फ्लेक्सवर खिळली होती. मीही तो पाहत होतो आणि मला काहीतरी खटकत होतं, आणि ते तिला माझ्याआधी कळलं.

“मॅडम,” ती म्हणाली, “हा फ्लेक्स खाली काढू का? फक्त दुमडून पाह्याचा हाये.”

साहेब हसून म्हणाले, “बाळा, ते टेक्निकल आहे.”

“काढू दे,” अधिकारी बाई म्हणाल्या.

पोरींनी दोऱ्या सोडल्या, फ्लेक्स बरोबर मध्यावर दुमडला आणि उन्हाकडे धरला. डावी रेघ उजव्या रेघेवर बसली. केसभरही इकडेतिकडे नाही. उतरताना पौषात एक छोटी खाच होती. चढताना आषाढात तशीच खाच, तेवढीच, आरशातली. मंडपातल्या प्रत्येकाला उन्हाच्या उजेडात एकच रेघ दिसत होती.

“मॅडम, विहीर अशी घडीत बसत नाई,” करिश्मा म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता. “विहीर आठ महिने हळूहळू उतरते आणि पावसात झटक्यानं भरते. उतरण लांब, चढण आखूड. कोणालेही विचारा. यात त वैशाखातच पाणी चढून राह्यलं. कोणीतरी अर्धा आलेख काढला आणि बाकीचा उलटवून चिकटवला.”

“वैशाखात?” रुखमाबाई ओरडल्या. “कोणाच्या विहिरीत, साहेब? आम्हाले दाखवा, आम्ही तिथीच पाण्याचे गुंड भरू!”

मंडप उसळला. वैशाखात आमच्याकडे चिमण्या उन्हाने खाली पडतात. साहेबांनी रुमालाने मान पुसली. “ग्राफिकवाल्याची चूक असेल. आम्ही सुधारून देऊ. पण त्या फळ्यावर तरी काय आहे? दोन बिंदू. दोन बिंदूंमधून काहीही काढता येतं.”

“बरोबर,” करिश्मा म्हणाली. “म्हणून तिसरा आता लावू. ही रेषा म्हणते, आज अठरा हात. चला विहिरीवर.”

अधिकारी बाई उठल्या. त्या उठल्यावर सगळ्यांनाच उठावं लागलं. पिंपळाजवळ सगळं गाव गोळा झालं. मला दोघींनी काठाशी उभं धरलं होतं. बादली खाली गेली. दोर सरसरत राहिला, सरसरत राहिला, आणि खोलवर एक बारीक चुबुक झालं. रुखमाबाईंनी चिमूट धरली, दोर वर ओढला आणि सगळ्यांसमोर कोपरापासून मोजायला सुरुवात केली. पोरं मोठ्याने म्हणत होती. पंधरा. सोळा. सतरा. अठरा, आणि चिमूट बोटांच्या टोकाशी आली.

करिश्माने तिसरा बिंदू लावला. रेषेवरच. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. श्रीहरी सर खाली बघत होते. अधिकारी बाईंनी विहिरीत वाकून पाहिलं, मग माझ्यावरची तळाची खूण पाहिली, आणि मग साहेबांकडे.

निकाल असा लागला. नदीवरून नळाची पाइपलाइन येऊन गावात पाणी सुरू होत नाही, तोवर खाण गावाकडे सरकणार नाही. पाइपलाइन खाणीने टाकायची. तोवर टँकर. गाव आनंदलं. करिश्माला खांद्यावर घेतलं. मला कुणीतरी हार घातला.

इथे गोष्ट संपली असती तर मी तुमच्याशी गोड बोललो असतो.

दिवाळी झाली. पुढच्या अमावस्येला बादली खाली गेली आणि दगडावर आपटली. खडखड आवाज आला. रेषेने जो दिवस सांगितला होता, तोच. बरोबर ठरल्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही. रुखमाबाई काठावर बसून राहिल्या, हातातला दोर तसाच. जे दिसत होतं ते कुणी थांबवलं नाही, याला काय म्हणायचं, मित्रांनो? दुर्दैव म्हणू नका. दुर्दैव असं आधी दिवस सांगून येत नाही.

टँकर कधी आला, कधी नाही. आला तर तळाशी गाळ. शाळेने मला परत घेतलं नाही. ग्रामपंचायतीच्या ओसरीत माझी जागा झाली. प्रशिक्षणाहून परतलेल्या नीलिमा बाई संध्याकाळी तिथे पोरींना घेऊन बसू लागल्या. त्यांनी माझ्यावर नवीन आलेख सुरू केला. आडव्या अक्षावर महिने. उभ्या अक्षावर पाइपलाइन किती झाली ते.

पहिल्या महिन्यात शून्य. बिंदू आडव्या लाल रेघेवरच. दुसऱ्या महिन्यात शून्य. तिसऱ्याही. करिश्माने बिंदू जोडले. रेषा क्ष अक्षाला चिकटून सरळ निघाली.

“बाई, हेही रेषीयच म्हणाचं?”

“हेही रेषीयच. चढ शून्य. कुणी धक्का दिला नाही तर ही अशीच फळ्याच्या टोकापर्यंत जाते.”

ओसरीत बसलेल्या बायकांनी ते ऐकलं. गणित शिकायला त्या आल्या नव्हत्या, टँकरची वाट बघत बसल्या होत्या. धुरपता उठली. “मंग देऊ न धक्का,” ती म्हणाली.

दुसऱ्या सकाळी आमडीटोल्याच्या बायका रिकामे गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, घेऊन कोळशाच्या रस्त्यावर बसल्या. मला रस्त्याच्या मधोमध खुर्चीला टेकवून उभं केलं. ट्रक थांबले. त्यांच्यामागे ट्रक थांबले. धूळ खाली बसली आणि कित्येक वर्षांनी त्या रस्त्यावर पाखरांचा आवाज ऐकू आला. पाळीवर जाणारे कामगार मोटारसायकली उभ्या करून माझ्याकडे बघत, आणि त्यांनाही, आकडे नसताना, ती खाली लोळणारी रेषा वाचता येत होती. दिवस चढला, कुणी हललं नाही. जेवणं रस्त्यावरच झाली. माझ्या अंगावर बसलेली कोळशाची भुकटी करिश्मा मधूनमधून ओढणीच्या टोकाने झटकत होती, पण बिंदूंना हात लागू देत नव्हती.

खाणीचे साहेब आले. मला पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. “पुन्हा तो फळा?”

“साहेब,” करिश्मा खडू पुढे करून म्हणाली, “या महिन्याचा बिंदू लावाचा हाये. कुठी लावू ते तुम्हीच सांगा.”

ते गाडीत जाऊन बसले. पण तिसऱ्या दिवशी नदीकडून पाइपांनी भरलेली गाडी आली आणि खोदणारं यंत्र आलं. बायका रस्त्यावरून उठल्या नाहीत. यंत्राने माती उकरेपर्यंत, पहिला पाइप चरात उतरेपर्यंत बसून राहिल्या.

मित्रांनो, आता तुम्हाला सांगायचं ते सांगतो. शाळेतला फळा, नकाशा, पट्टी, तराजू यांना जपा, पण धूळ पुसण्यापुरतं जपू नका. आलेख दिसला की विचारा, हा प्रत्येक पावलाला सारखाच चढतो का, आणि कुणामुळे? फार सुंदर दिसला तर दुमडून बघा. आणि तुमच्यासमोर कुणी ओलं फडकं उचललं, तर आडवे या. करिश्मा आली होती. तेव्हा आणखी चौघंजण उभे राहिले असते, तर सरांचा हात खाली आला असता. वर्ग भरलेला होता. या गोष्टीचा राग मला खाणीच्या साहेबांवर आहे तितकाच आहे.

काल करिश्माने पहिला बिंदू अक्षाच्या वर लावला. अगदी थोडा वर, अर्धं घरही नाही. रात्री दव पडलं होतं, मी ओलसर होतो, बिंदू फिका उमटला. तिने त्याच जागी खडू पुन्हा टेकवला आणि इतका जोर लावून दाबला की तो तिच्या बोटांत मोडला.